'दिसले' या शब्दाचे उत्तरदायित्व

उज्जयिनी ही वेध घेणाऱ्यांची नगरी. प्राचीन ज्योतिषग्रंथांची मध्यरेषा येथूनच जात असे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. ज्योतिर्गणिताची कसोटी म्हणजे दृक्प्रत्यय. गणिताने वर्तविलेला ग्रह त्या जागी डोळ्यांना दिसला पाहिजे.

विसाव्या शतकात दृक्प्रत्यय ही वैमानिकाचीही जबाबदारी झाली. उज्जैननजीक दताना येथील हवाईपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उतरत आली आहेत. अशी उड्डाणे मुख्यतः दृश्य-उड्डाणाच्या नियमांनी होतात. पाहणे आणि टाळणे हे त्यांचे मूळ सूत्र. नियंत्रक जवळच्या विमानाची दिशा व अंतर सांगतो. त्यावरची उत्तरे ठरलेली आहेत. 'लुकिंग आउट' म्हणजे शोधत आहे. 'ट्रॅफिक इन साइट' म्हणजे दिसले. 'निगेटिव्ह काँटॅक्ट' म्हणजे दिसत नाही. 'दिसले' असे उत्तर आल्यावर स्वतःच अंतर राखण्याची सूचना नियंत्रक देऊ शकतो. ती स्वीकारताच टक्कर टाळण्याचा भार मुख्यतः वैमानिकावर येतो. नजर सुटली, तर तसे तत्काळ कळविणे हेही त्याचेच कर्तव्य.

या भाषेचे मोल २५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे कळले. उतरू पाहणाऱ्या बोइंग ७२७ विमानाच्या वैमानिकांनी पुढचे लहान सेस्ना विमान दिसल्याचे सांगितले, आणि दृष्टीच्या आधारे अंतर राखण्याची सूचना त्यांना मिळाली. पुढे सेस्ना त्यांच्या नजरेआड झाले. ते उजवीकडून निघून गेले असावे, अशा आशयाचे वाक्य वैमानिक बोलला; नियंत्रकाच्या साक्षीनुसार त्याला मात्र ते 'जात आहे' असे ऐकू आले. भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला. दोन्ही विमानांची टक्कर होऊन जमिनीवरील ७ जणांसह १४४ माणसे मृत्युमुखी पडली.

'असावे' हा अनुमानाचा शब्द. त्याला ठरलेल्या वाक्यांत स्थान नाही. दृष्टी हरवली होती, तेव्हा उच्चारायचे वाक्य उपलब्ध होते. ते उच्चारले गेले नाही. वेधशाळेत प्रत्येक वेधाशेजारी वेळ लिहितात, कारण वेध त्या क्षणापुरताच खरा असतो. वैमानिकाचे 'दिसले' हेही तसेच आहे. म्हणून नव्या वैमानिकाला 'दिसत नाही' हे उत्तर निःसंकोचपणे देण्याची सवय लावणे, हा या परिभाषेच्या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचा पाठ होय.