महाज्वालामुखीचे भय आणि दख्खनच्या पाषाणाचा इतिहास

सारांश : महाज्वालामुखीच्या उद्रेकाविषयी अलीकडच्या काळात जनमानसात मोठे कुतूहल आणि तितकेच भय निर्माण झाले आहे. महाराष्ट्राची भूमी प्राचीन लाव्हारसापासून घडलेली असल्याने या भयाला येथे एक स्थानिक आधारही मिळतो. प्रस्तुत लेखात दख्खनचा पाषाण, लोणारचे सरोवर, बोरी येथील ज्वालामुखीय राख आणि किल्लारीचा भूकंप या चार उदाहरणांच्या आधारे जनसमज व वैज्ञानिक वास्तव यांतील अंतराचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : महाज्वालामुखी, दख्खनचा पाषाण, लोणार, टोबा, किल्लारी, जनसमज

प्रस्तावना

मनमाडहून नांदगावकडे येताना दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे, माथ्यावर सपाट असलेले काळे डोंगर दिसतात. अंकाई-टंकाईची जोडी आणि हडबीची शेंडी ही तर या परिसराची ओळखच आहे. हे सर्व डोंगर एके काळी वाहत्या लाव्हाचे थर होते, असे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : 'सर, मग तो ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का?' प्रारंभी प्रस्तुत लेखक 'नाही' असे एका शब्दात उत्तर देत असे. त्या उत्तराने विद्यार्थ्यांचे समाधान होत नसे, आणि विचार केल्यावर लेखकाचेही झाले नाही. भय खरे की खोटे एवढाच हा प्रश्न नाही. ते कोठून आले आणि त्याच्या आड कोणता खरा धोका झाकला गेला, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

'महाज्वालामुखी' : एका शब्दाचा प्रवास

'महाज्वालामुखी' ज्याचा मराठी पर्याय आहे तो इंग्रजी शब्द मुख्यतः २००० मध्ये बीबीसीने प्रसारित केलेल्या एका माहितीपटामुळे सर्वतोमुखी झाला. शास्त्रीय परिभाषेत एकाच उद्रेकात १,००० घन किलोमीटरहून अधिक द्रव्य बाहेर फेकणाऱ्या ज्वालामुखीसाठी तो वापरला जातो. ज्वालामुखीय स्फोटकतेच्या मापनश्रेणीत हे आठव्या, म्हणजे सर्वोच्च पायरीचे उद्रेक होत.

या संदर्भात अमेरिकेतील यलोस्टोनचे नाव सर्वाधिक घेतले जाते. तेथे सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी असे तीन प्रचंड उद्रेक झाले. या आकड्यांवरून 'आता वेळ भरली आहे' असा निष्कर्ष वारंवार काढला जातो. वस्तुतः तीन घटनांमधील दोन अंतरांवरून वेळापत्रक तयार होत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने यलोस्टोन येथे असा उद्रेक होण्याची वार्षिक शक्यता सुमारे ७ लाख ३० हजारांत एक इतकी मानली आहे. या श्रेणीचा पृथ्वीवरील शेवटचा ज्ञात उद्रेक न्यूझीलंडमधील टाउपो येथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी झाला. धोका शून्य नाही, परंतु उद्याचाही नाही. भयाची भाषा मात्र या दोहोंमधील जागा शिल्लक ठेवत नाही.

दख्खनचा पाषाण : उद्रेक वेगळ्या जातीचा

दख्खनच्या लाव्हाथरांचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेवर विस्तृत लेखन प्रसिद्ध केले. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग स्थापन झाल्यावर डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी हे काम पुढे नेले. आज हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून सह्याद्रीच्या परिसरात त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, हे याच थरांचे आहे. अजिंठा-वेरूळची लेणीही याच दगडात कोरलेली आहेत.

हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. यलोस्टोनप्रमाणे येथे डोंगर फुटून आकाशात राख उसळली, असे त्यांचे प्रमुख स्वरूप नव्हते. भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ बेसाल्टी लाव्हा वाहत राहिला, थिजला आणि काही काळाने त्यावर दुसरा थर आला. दोन थरांच्या मध्ये आढळणारी तांबडी माती ही त्या मधल्या शांततेची खूण आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांमधील गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळात येथे तळी साचत होती आणि त्यांत जीवसृष्टी नांदत होती.

डायनासोरांच्या विनाशात या लाव्हाचा वाटा किती आणि मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे आदळलेल्या अशनीचा किती, हा वाद अद्याप पूर्णतः मिटलेला नाही. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी दख्खनच्या थरांचे अत्यंत काटेकोर कालमापन प्रसिद्ध केले. तरीही उद्रेकाचा वेग कधी वाढला याविषयी त्यांचे एकमत झाले नाही.

मग हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का? बहुसंख्य भूवैज्ञानिकांच्या मते ज्या उष्ण स्रोतामुळे हे उद्रेक झाले, तो आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे. भारतीय भूपट्ट त्यावरून उत्तरेकडे हजारो किलोमीटर सरकून आला आहे. चूल तेथेच राहिली, तवा पुढे आला. याला प्रत्यक्ष छेदनाचाही पुरावा आहे. किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या विंधनछिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्टनंतर अल्पसा गाळ आणि त्याखाली प्राचीन कठीण खडक लागला. कोयना परिसरातील रासाटी येथे ९३२ मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक मिळाला. ज्या खडकाला लोक निद्रिस्त ज्वालामुखी समजतात, तो थंड झालेल्या लाव्हाची चादर आहे. तिच्याखाली खदखदणारे कुंड नाही. वज्रेश्वरी किंवा उनपदेव येथील गरम पाण्याचे झरेही भेगांतून खोलवर जाऊन तापलेल्या पाण्याचे आहेत.

लोणार : तज्ज्ञांचाही समज बदलतो

जनसमज चुकतो आणि तज्ज्ञ अचूक असतात, असे सरळ विभाजन करता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस आले. चोहीकडे बेसाल्ट आणि मध्ये गोल विवर, त्यामुळे ते ज्वालामुखीचे मुख असावे असे दीर्घकाळ मानले गेले. प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच तेथील खडकात आढळल्याचे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लोणार हे अशनीपाताचे विवर असल्याचे सिद्ध झाले. त्याचे वयही प्रथम सुमारे ५० हजार वर्षे मानले जात होते. नंतरच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर गेले.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साथीच्या काळात आधीच धास्तावलेल्या लोकांत नाना तर्क पसरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे स्पष्ट केले. लोणारचा इतिहास सांगतो की विज्ञानाचे बळ आपला समज पुराव्यापुढे बदलण्याच्या तयारीत असते.

बोरीची राख : धोका आपल्यापर्यंत कसा येतो

महाराष्ट्रात महाज्वालामुखीचा एक साक्षात पुरावा आहे, आणि तो लाव्हाचा नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. या थराच्या संबंधात अश्मयुगीन हत्यारे मिळाल्याने त्याच्या वयाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. काही मापनांनी ही राख १४ लाख वर्षांपूर्वीची, तर काहींनी सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची ठरवली. राखेच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मत पुढे मांडले गेले. कोणत्याही तारखेचा स्वीकार केला तरी एवढे निश्चित की ही राख दूरदेशीची आहे. टोबा बोरीपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे.

टोबाच्या या शेवटच्या महाउद्रेकाने मानवजात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आली होती, हा सिद्धान्त १९९८ मध्ये स्टॅन्ली अँब्रोज यांनी मांडला आणि तो लोकप्रिय झाला. तथापि आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे या राखेच्या खाली आणि वर एकाच परंपरेतील हत्यारे आढळली. ते संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशातील सोन खोऱ्यातील ढाबा येथूनही २०२० मध्ये मानवी वस्तीच्या सातत्याचा पुरावा समोर आला. ज्या उद्रेकाने जग संपले असे सांगितले जाते, त्याच्या राखेवर पाय ठेवून माणसे आपला दिनक्रम चालवीत राहिली.

याचा अर्थ दूरच्या उद्रेकापासून आपण पूर्ण सुरक्षित आहोत असा नव्हे. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोराचा उद्रेक झाला. तो महाज्वालामुखीहून एक पायरी खालचा होता. तरीही १८१६ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच आला नाही आणि पिके बुडाली. आइसलँडमधील लाकी येथे १७८३-८४ मध्ये आठ महिने भेगांतून लाव्हा वाहिला. ती दख्खनच्या उद्रेकांची अतिशय लहान आवृत्ती म्हणता येईल. त्या उद्रेकाच्या वायूंनी आणि त्यामागून आलेल्या उपासमारीने त्या देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या दगावली. तांबोराच्या श्रेणीचा उद्रेक या शतकात होण्याची शक्यता साधारण सहांत एक असल्याचे संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले आहे. असे उद्रेक मोसमी पाऊस कमजोर करू शकतात. नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यासाठी ज्वालामुखीचा खरा धोका हाच आहे. तो पायाखालून येणार नाही. आला तर न आलेल्या पावसाच्या रूपाने येईल.

किल्लारी : चुकीच्या जागी ठेवलेले भय, चुकीचा दिलासा

महाराष्ट्राच्या भूकंपांच्या इतिहासात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या दोन घटनांनी जनमानस हादरवले. प्रस्तुत लेखकाने वडीलधाऱ्यांकडून किल्लारीनंतरच्या दिवसांविषयी जे ऐकले, त्यात 'खाली ज्वालामुखी आहे' हे वाक्य वारंवार येते. २०१८ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात धक्क्यांची मालिका सुरू झाली. हिंगोली जिल्ह्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येत राहिले. अशा प्रत्येक वेळी हाच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

येथे इतिहासकाराने प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. दख्खनचे पठार स्थिर आहे, असा दिलासा विज्ञानानेच दिला होता. १९७० च्या भूकंपप्रवणता नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते. ऑगस्ट १९९२ पासून त्या परिसरात लहान धक्के जाणवत होते. पुढे ते थांबले आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाची तीव्रता ६ च्या किंचित वर होती, परंतु मृतांची संख्या हजारोंत गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद हे त्याचे मुख्य कारण होते. ज्या दगडाला लोक ज्वालामुखी म्हणून भीत होते, तोच दगड भिंतीतून अंगावर आला. २००२ च्या नकाशात तो सर्वांत सुरक्षित मानलेला विभागच रद्द करण्यात आला.

म्हणून लोक 'काही धोका नाही' या वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत, यात त्यांचे अज्ञानच आहे असे म्हणता येत नाही. एकदा तो दिलासा फसला आहे. नसलेल्या ज्वालामुखीची अफवा त्या अविश्वासातून उगवते.

निष्कर्ष

दख्खनचा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल या भयाला भूवैज्ञानिक आधार नाही. जगात अन्यत्र महाज्वालामुखीचा उद्रेक होणे शक्य असले, तरी एका मानवी आयुष्याच्या मापाने ती शक्यता अत्यल्प आहे. त्याहून लहान, परंतु पाऊसमानावर परिणाम करणारा उद्रेक ही अधिक वास्तव शक्यता होय. त्याला तोंड देण्याची तयारी म्हणजे धान्यसाठा आणि पाणीसाठा. प्रत्यक्ष आपल्या पायाखालचा धोका भूकंपाचा आहे, आणि त्याची तयारी म्हणजे घराची बांधणी.

आमच्या भागात विहीर खोदणारा माणूस काळा पाषाण लागला की थांबतो आणि मांजऱ्या खडक लागला की पाण्याची आशा धरतो. लाव्हाच्या थरांचे हे ज्ञान त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मिळाले आहे. शिक्षकाने याच ज्ञानापासून सुरुवात केली, तर पाषाणाविषयीचे भय आपोआप जिज्ञासेत बदलते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. 'तो ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का?' या प्रश्नाला आता एका शब्दाचे उत्तर दिले जात नाही. विद्यार्थ्यांनाच विचारले जाते : 'तुमच्या विहिरीला पाणी कोणत्या थरात लागले, आणि तुमच्या घराची भिंत कशात बांधली आहे?' या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी विद्यार्थी घरी जाऊन आजोबांशी बोलतात. धोक्याचे खरे शिक्षण तेथूनच सुरू होते.