दहाच्या पटीतली फौज : हखामनी सैन्याची रचना

हखामनी साम्राज्याच्या (इ.स.पू. 550–330) सैन्याचे विवेचन आकड्यांपासून सुरू करावे लागते. दहा जणांची तुकडी, मग शंभर, हजार आणि दहा हजार, अशी त्याची चढती मांडणी होती. हजारांवरचा अधिकारी तो ‘हजारपतिश’. यातला ‘पतिश’ म्हणजे संस्कृत ‘पति’. ‘हजार’ हा शब्द पुढे फारसीतूनच मराठीत आला आणि तो ‘सहस्र’चा चुलतभाऊ आहे.

घटकांनुसार या सैन्याचे तीन थर पडतात.

पहिला थर कायम फौजेचा. हेरोडोटसने ज्यांना ‘अमर’ म्हटले ते 10,000 सैनिक यातलेच. कोणी मेला किंवा आजारी पडला, की जागा लगेच भरली जाई, म्हणून हे नाव. त्यांपैकी हजारांच्या भाल्यांच्या बुडाला सोन्याचे डाळिंब असे, उरलेल्या नऊ हजारांच्या भाल्यांना चांदीचे.

दुसरा थर जमिनीच्या मोबदल्यात चाकरी करणाऱ्यांचा. बाबिलोनियात ‘धनुष्याची’, ‘घोड्याची’ आणि ‘रथाची’ अशा जमिनी होत्या. आपल्याकडच्या सरंजामाशी ही पद्धत ताडून पाहता येते. निप्पूरच्या मुरशू घराण्याच्या दप्तरात इ.स.पू. 422च्या सुमाराची एक मातीची पाटी आहे. एका स्वाराला मोहिमेसाठी काय लागे, ते तीत नोंदले आहे: लगामासह घोडा, लोखंडी चिलखत, 120 बाण, दोन भाले आणि वाटखर्चाला चांदी.

तिसरा थर मांडलिक प्रजांचा. इ.स.पू. 480च्या ग्रीस-स्वारीत प्रत्येक जमात आपापल्या वेशात आणि शस्त्रांसह आली. भारतीय सैनिक सुती कपड्यांत होते. त्यांची धनुष्ये वेताची, बाणही वेताचे, पण टोके लोखंडी. आरमाराचा कणा फिनिशियन होते. सरसेनापती मात्र पर्शियनच.

म्हणजे गणती आणि हुकमत एक होती, शस्त्रे आणि कवायत एक नव्हती. त्यातच पर्शियन पायदळाची सारी भिस्त धनुष्यावर. पुढे वेताच्या उंच ढालींची भिंत, मागे तिरंदाज. इ.स.पू. 479मध्ये प्लातैयाला ग्रीकांनी ही भिंत पाडली, तेव्हा मागच्या शूर पण बिनचिलखती सैनिकांचा हातघाईत निभाव लागला नाही. संख्येची शिस्त ही उणीव भरून काढू शकत नव्हती. म्हणूनच इ.स.पू. 333मध्ये इस्ससला अलेक्झांडरसमोर उभे ठाकताना तिसऱ्या दारयवहूने फळीच्या मध्यभागी भाडोत्री ग्रीक पायदळ उभे केले.