स्थाननिश्चिती, बिनतारी संवेदक जाळ्यातील (ऊर्जाबचतीची)

विखुरलेल्या संवेदक नोडांनी आपापली जागा ओळखावी, पण त्यापायी त्यांचे सेल लवकर संपू नयेत, या दुहेरी अटीवर बेतलेल्या पद्धती. जंगलातल्या एखाद्या नोडने तापमान एकाएकी चढल्याचे कळवले, पण तो नोड नेमका कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर वणवा विझवायला निघालेल्यांना त्या आकड्याचा उपयोग नाही.

प्रत्येक नोडला जीपीएस देणे हा सरळ उपाय आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या झेब्रानेट प्रकल्पात केनियातील म्पाला संशोधन केंद्रात २००४ मध्ये झेब्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले होते. हिंडत्या जनावराच्या बाबतीत दुसरा इलाजही नव्हता. शेकडो स्थिर नोडांना मात्र हा खर्च झेपत नाही आणि दाट झाडीत किंवा इमारतीत उपग्रहांचे संकेत धड मिळत नाहीत. म्हणून मोजक्याच नोडांची जागा आधी पक्की करतात. हे अँकर नोड. बाकीचे नोड त्यांच्यावरून आपली जागा काढतात.

वीज खाणारा खरा भाग म्हणजे रेडिओ. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टेलॉस-बी नोडमधील सीसी२४२० ही रेडिओ चिप पूर्ण ताकदीने संदेश पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८, म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणेच महाग. नुसते कान देऊन बसलेला नोड सुमारे २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे दोन पेन्सिल सेल साडेपाच दिवसांत संपवतो. प्रोसेसरचा खर्च याच्या साधारण दहावा हिस्सा. तेव्हा आकडेमोड वाढली तरी चालेल, पण संदेश आणि जागरण कमी व्हावे, हे या विषयाचे मूळ सूत्र.

अँकरपासूनचे अंतर काढायला सर्वांत स्वस्त मोजमाप संकेताच्या तीव्रतेचे, कारण ती प्रत्येक संदेशासोबत आयतीच कळते. पण ओली पाने, भिंत, अँटेनाची दिशा, कशानेही ती बदलते. क्रिकेट या एमआयटीच्या प्रणालीत रेडिओ आणि श्राव्यातीत ध्वनी एकाच वेळी सोडतात. दहा मीटरवर रेडिओ जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो, तर ध्वनीला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात आणि या फरकावरून अंतर निघते. अचूकता उत्तम, पण ध्वनी सोडणारा-टिपणारा जादा ट्रान्सड्यूसर आला आणि त्याची वीजही आली.

अंतर न मोजता भागवणाऱ्या पद्धतींत निकुलेस्कु आणि नाथ यांची डीव्ही-हॉप सर्वपरिचित आहे. दोन अँकर १२० मीटरवर असून त्यांच्यामधला संदेश सहा टप्प्यांत पोहोचला, तर टप्पा सरासरी २० मीटरचा; एका अँकरपासून तीन टप्प्यांवरचा नोड आपले अंतर ६० मीटर धरतो. वेगळे उपकरण लागत नाही, पण प्रत्येक अँकरचा संदेश जाळेभर पुढे ढकलावा लागतो आणि बचत तिथेच गळते. मधे तळे असले की टप्पे वळसा घेतात व अंतर फुगते. शोधनिबंधांतील त्रुटीचे आकडे बहुधा संगणकी नमुन्यातले असतात. त्यात रेडिओचा पल्ला काटेकोर वर्तुळ मानलेला असतो. रानात असे वर्तुळ सापडत नाही.

सिकितिउ आणि रामदुराई यांनी २००४ मध्ये फिरत्या अँकरची पद्धत मांडली: जीपीएस असलेले एकच वाहन जागा सांगत फिरते, नोड फक्त ऐकतात. वाहन कधी येणार हे ठरलेले असेल तर उरलेला वेळ रेडिओ बंद ठेवता येतो. आयआयटी मुंबईने नाशिकच्या द्राक्षबागेत बसवले तसे, खांबावर हाताने लावलेले जाळे असेल, तर एवढाही खटाटोप नको. बसवतानाच जागा टिपून ठेवावी.

समुद्राच्या पाण्यात रेडिओ फार दूर जात नाही, म्हणून तिथे ध्वनी-मोडेम वापरतात. त्यात पाठवायला ऐकण्याच्या कित्येक पट वीज लागते. त्यामुळे तिथे पृष्ठभागावरचे तरंगते अँकर बोलतात आणि खालचे नोड गप्प राहून संदेशांच्या वेळांतील फरकावरून जागा काढतात.