माऊ : सामोआचा निःशस्त्र लढा

सामोआच्या भाषेत ‘माऊ’ असा एक लहानसा शब्द आहे. घट्ट धरून ठेवलेले, न ढळणारे मत, असा त्याचा अर्थ. प्रशांत महासागरातील ह्या बेटांच्या रहिवाशांनी आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीस हेच नाव दिले. ती कशातून जन्मास आली आणि तिच्यासाठी कोणते मोल द्यावे लागले, हे आज पाहावयाचे आहे.

सामोअन समाजाचा पाया म्हणजे ‘आइगा’, अर्थात विस्तीर्ण गोतावळ्याचे कुटुंब. त्याचा प्रमुख तो ‘मताई’. हे पद केवळ थोरल्या मुलास आपोआप मिळत नाही. कुटुंबातील माणसे विचारविनिमय करून योग्य व्यक्तीस ते देतात. गावचे मताई ‘फोनो’ नावाच्या सभेत बसून शक्यतो एकमताने निर्णय घेतात. मताईपुढे भाषासुद्धा बदलते. घराला साधा शब्द ‘फाले’. पण थोर मताईचे घर ‘माओता’ होते. अशा समाजात पदवीचा अपमान हा साऱ्या कुटुंबाचा अपमान ठरतो.

१८९९ मध्ये परकीय सत्तांनी ही बेटे आपापसांत वाटून घेतली. पूर्वेचा भाग अमेरिकेने घेतला. उपोलू आणि सवाईई ही पश्चिमेची मोठी बेटे जर्मनीकडे गेली. महायुद्ध सुरू होताच, २९ ऑगस्ट १९१४ रोजी, न्यूझीलंडच्या सैन्याने रक्तपात न होता जर्मन सामोआचा ताबा घेतला.

खरा घाव पुढे बसला. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेली ‘तालून’ नावाची आगबोट आपिया बंदरास लागली. तीवर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते. वाटेत फिजीमध्ये उतारूंना वेगळे ठेवण्यात आले होते. आपियात मात्र त्यांना उतरू देण्यात आले. थोड्याच आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एकपंचमांशाहून अधिक, मरण पावली. त्याच साथीने हिंदुस्थानातही एक कोटीहून अधिक बळी घेतले, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला ठाऊक होते. पण सामोअनांना बोचत होते ते निराळेच. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पोयर ह्यांनी बोटींवर कडक निर्बंध घातले, आणि तेथे एकही माणूस दगावला नाही. मृत्यू टाळता आला असता, ही जाणीव दुःखाहूनही तीव्र होती.

१९२० मध्ये राष्ट्रसंघाने ही बेटे न्यूझीलंडच्याच स्वाधीन केली. पुढे मताईंना गावातून घालवून देण्याचा आणि त्यांची पदवी काढून घेण्याचा अधिकार प्रशासकाने आपल्या हाती घेतला. कुटुंबाने दिलेली पदवी एका परक्या अधिकाऱ्याने हिरावून घ्यावी, हे लोकांना असह्य झाले. १९२७ च्या सुमारास माऊ संघटित झाली. स्वीडिश पिता व सामोअन माता असलेले व्यापारी ओलाफ नेल्सन हे तिच्या अग्रणींपैकी एक होते. १९२८ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. लोकांनी कर देण्याचे नाकारले, परकी मालावर बहिष्कार घातला. पांढऱ्या पट्ट्याचे निळे लावालावा नेसून हजारो लोक शिस्तीने वावरू लागले. तुपुआ तामासेसे लेआलोफी ह्या थोर मताईने कर भरला नाही म्हणून न्यूझीलंडच्या तुरुंगात सहा महिने काढले.

२८ डिसेंबर १९२९. आपियाच्या रस्त्यावरून माऊची मिरवणूक चालली होती. पोलीस एका इसमास पकडू लागले, झटापट झाली आणि गोळीबार सुरू झाला. तामासेसे पुढे होऊन आपल्या लोकांस शांत राहण्याची हाक देत असतानाच त्यांना गोळी लागली. कित्येक सामोअन ठार झाले. जमावाच्या हातून एक पोलीसही मारला गेला. दुसऱ्या दिवशी तामासेसे निवर्तले. आपल्या रक्ताचा सूड घेऊ नका, शांतता सोडू नका, हा त्यांचा अखेरचा निरोप होता. गोळीबारानंतर तिसऱ्याच दिवशी, मध्यरात्री, लाहोरला रावीच्या तीरावर पूर्ण स्वराज्याचा ध्वज उभारला गेला. दोन्ही देशांच्या वाटा स्वतंत्र होत्या. साधन मात्र एकाच जातीचे होते.

पुरुषांना रानात आश्रय घ्यावा लागला, तेव्हा स्त्रियांनी चळवळ पुढे चालविली. निरोपही पाळला गेला; सूड घेतला गेला नाही. १९३६ मध्ये न्यूझीलंडच्या नव्या मजूर सरकारने माऊला मान्यता दिली, आणि १ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राच्या दोन संयुक्त प्रमुखांपैकी एक, तुपुआ तामासेसे मेआओले, हे त्या हुतात्म्याचेच बंधू होते.

जून २००२ मध्ये, स्वातंत्र्याच्या चाळिसाव्या वर्षी, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क ह्यांनी आपिया येथे १९१८ ची साथ, १९२९ चा गोळीबार आणि मताईंची हद्दपारी व पदवीहरण ह्यांबद्दल सामोअन जनतेची क्षमा मागितली. ती क्षमा यावयास सात दशकांहून अधिक काळ लोटला. तामासेसेंच्या लोकांनी शांततेचा शब्द मात्र त्याच दिवसापासून पाळला होता.