रिकाम्या पानांची वही

बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात योहान सेबास्टियन बाखच्या हातची एक छोटीशी वही आहे. तिच्यातल्या बहुतेक पानांवर संगीत नाही, नुसतं एकेका गीताचं नाव आहे. बाखने आधी १६४ गीतांची नावं लिहून प्रत्येकाला जागा नेमून दिली आणि मग संगीत भरायला घेतलं. पूर्ण झाली ४६.

आम्ही कोड लिहिणारे याला ‘स्टब’ म्हणतो. फंक्शनचं नाव ठरवून ठेवायचं, आतला मजकूर नंतर. त्यामुळे ही वही, ‘ऑर्गेलब्यूखलाइन’, मला पहिल्यापासून ओळखीची वाटली. पण हा आराखडा नेमका कशाचा होता?

तो होता चर्चच्या वर्षाचा. मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेनंतर सामान्य माणसं प्रार्थनेत आपल्या भाषेत, म्हणजे जर्मनमध्ये, गाऊ लागली. १५२४ साली निघालेल्या पहिल्या छोट्या गीतसंग्रहात आठ गीतं होती, त्यांतली चार ल्यूथरची. पुढे प्रत्येक सणाची गीतं ठरत गेली. ख्रिस्तजन्माची वाट पाहण्याचे आठवडे, नाताळ, नवं वर्ष, क्रूसावरचं दुःख, ईस्टर, पेन्टेकॉस्ट. या गीतांना ‘कोराल’ म्हणतात. लोक गायला लागण्याआधी ऑर्गनवादक त्या चालीवर एक छोटी रचना वाजवायचा, म्हणजे सूर कानात बसायचा आणि मनही तयार व्हायचं.

बाखचं या कामात सुरुवातीला फार जमलं नाही. १७०६ मध्ये आर्नश्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला समोर बोलावून सुनावलं, की तू कोरालमध्ये इतके विचित्र सूर मिसळतोस की लोक गोंधळतात. १७०८ मध्ये तो वायमारच्या दरबारात ऑर्गनवादक झाला आणि या वहीतलं जवळपास सगळं संगीत तिथेच लिहिलं गेलं. तिथे त्याची जुनी खोड शिस्तीत आली. बहुतेक रचनांमध्ये चाल वरच्या स्वरात सरळ, न तुटता वाजते. जे काही धाडस करायचं ते तिच्या खाली. रचना इतक्या आटोपशीर, की अनेक एकाच पानात बसतात. कुठे जागा संपली तर बाखने नोटेशन सोडून अक्षरांच्या जुन्या लिपीत उरलेले सूर कोंबले आहेत.

उदाहरणार्थ, आदामाच्या पतनाविषयीचं गीत घ्या (बीडब्ल्यूव्ही ६३७). वर चाल शांत चालते आणि खाली पायांनी वाजवायच्या पेडलवर सूर मोठमोठ्या उड्यांनी कोसळत राहतात. शब्द एकही नाही, पण पडणं ऐकू येतं. नव्या वर्षाची दोन गीतं तर पाठोपाठ ठेवलेली आहेत. पहिलं सरत्या वर्षाचं (६१४): अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकणारं, जड, उदास. त्यानंतर लगेच आनंदाचं (६१५). त्याची चाल मुळात गास्तोल्दी या इटालियन संगीतकाराच्या नाचाच्या गाण्याची. प्रेमाचं गाणं चर्चमध्ये आलं आणि बाखच्या हातात घंटानादासारखं उसळलं.

तिथल्या लोकांना ही गीतं पाठ होती. आपल्याकडे एखादा अभंग नुसता बासरीवर वाजला तरी शब्द मनात आपोआप सुरू होतात, तसंच. मला ना ते शब्द पाठ, ना माझी ती श्रद्धा. मग मी हेडफोन लावून जे ऐकतो ते अर्धंच का? बराच विचार करून मला वाटतं, हो, अर्धंच. तारकोव्हस्कीच्या ‘सोलारिस’मध्ये (१९७२) याच वहीतली ६३९ क्रमांकाची रचना वाजते. हजारो लोकांना ती तिथूनच भेटली आणि ती आर्त आहे हे त्यांना बरोबर कळलं. पण आर्त हाक कोणाला, कशासाठी, हे कळायला गीताचा अर्थ वाचावा लागतो. अर्थ वाचून मग ऐकलं की खालच्या सुरांमधली प्रत्येक हालचाल सकारण वाटायला लागते.

वही अपुरी का राहिली? ईस्टरपर्यंतची पानं बऱ्यापैकी भरलेली आहेत, पुढची विरळ. मधल्या एका दुःखाच्या गीतावर सुरुवातीचे जेमतेम काही सूर आहेत आणि पुढे काहीच नाही. १७१७ मध्ये बाखने वायमारची नोकरी सोडायचा हट्ट धरला, त्यापायी जवळपास चार आठवडे कैदेत राहिला आणि मग क्योथेनला गेला. तिथला दरबार कॅल्व्हिनपंथी, चर्चमध्ये असल्या ऑर्गन संगीताला वाव नाही. ज्या कामासाठी वही आखली होती ते कामच उरलं नाही.

पण त्याने ती फेकली नाही. क्योथेनमध्ये तिला मुखपृष्ठ जोडलं आणि त्यावर लिहिलं, की नवशिक्या ऑर्गनवादकाला कोराल कसा फुलवावा आणि पेडल कसं वाजवावं हे यातून शिकता येईल. दर रविवारच्या कामाची वही शिकवण्याची वही झाली. उरलेल्या ११८ नावांवर आजच्या संगीतकारांकडून रचना लिहून घेण्याचा उपक्रम विल्यम व्हाइटहेड या ब्रिटिश ऑर्गनवादकाने हाती घेतला, तोही त्या नुसत्या मथळ्यांच्या जोरावर.

ऐकायचं असेल तर ६१४ आणि ६१५ पाठोपाठ ऐका, मध्ये न थांबता. दोन्ही मिळून सहा मिनिटंही लागत नाहीत.