माजी सैनिक आरोपीच्या पिंजऱ्यात : नानावटी ते बफेलो

पोस्ट थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी कोर्टाची बातमीदारी करायचो. अदालत रोडवर एका माजी सैनिकाची केस होती, शेजाऱ्याला मारहाणीची. नाव पुकारलं तसा माणूस एकदम सावधानमध्ये उभा. नजर समोर, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. मागून बायको सांगत होती, 'साहेब, घरी आल्यापासून हे रात्री झोपतच नाहीत.' पुढची तारीख पडली. मी चार ओळींची बातमी दिली आणि मथळ्यात 'माजी सैनिक' टाकलं, कारण तो शब्द चालतो.

फौजी कोर्टात आला तर काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, इंग्रजांनी सैनिकांच्या खटल्यांसाठी कायदा केला आणि 1925 मध्ये तो नव्याने आणला. जवान युद्धावर किंवा तशाच खास ड्युटीवर असेल तर त्याच्याविरुद्धचा दावा थांबवायचा. गावाकडे भावकीने मागच्या मागे जमिनीचा निकाल लावून घेऊ नये, हा हेतू. चांगलाच कायदा आहे. पण तो दिवाणी आणि महसुली कोर्टांपुरता. फौजदारीत त्याचा उपयोग नाही. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, तेही पेन्शन, सेवेचे वाद आणि कोर्ट मार्शलवरची अपिलं ऐकतं. निवृत्त जवानाने गावात कुणाचं डोकं फोडलं तर तो साध्या कोर्टात, साध्या आरोपीसारखा.

मग वर्दीला सवलत कधी मिळालीच नाही का? मिळाली, मुंबईत. 'रुस्तम' पाहिलेल्यांना नौदलाचे कमांडर नानावटी माहीत आहेत. 1959 मध्ये प्रेम आहुजाचा खून झाला, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. 11 मार्च 1960 ला हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी आदेश काढला की सुप्रीम कोर्टात अपील होईपर्यंत शिक्षा स्थगित, साहेब नौदलाच्याच ताब्यात राहतील. सप्टेंबरात घटनापीठाने तो आदेश चालणार नाही असं सांगितलं. तरी 1964 मध्ये माफी मिळालीच. नानावटींना युद्धाचा मानसिक आघात वगैरे काही नव्हता. होती ती ओळख, प्रतिष्ठा आणि पाठीशी उभी राहिलेली वर्तमानपत्रं. आमच्या अदालत रोडवरच्या जवानाला यातलं काय मिळणार होतं?

अमेरिकेत बफेलो नावाच्या शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांच्यासमोर असाच एक व्हिएतनाममधून परतलेला सैनिक उभा होता. मान खाली, बोलणं नाही. रसेलनी कोर्टातल्याच दोन माजी सैनिकांना सांगितलं, याला बाहेर नेऊन जरा बोला. परत आला तो ताठ उभा राहिला आणि बोलायलाही लागला. जानेवारी 2008 मध्ये रसेलनी माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्टच सुरू केलं. दारू, नशा, मानसिक आजार यावर उपचार, वारंवार हजेरी, सोबतीला एक माजी सैनिक. कार्यक्रम पूर्ण केला तर आरोप कमी होतात किंवा मागे घेतले जातात, मोडला तर नेहमीची शिक्षा. आज अमेरिकेत अशी शेकडो कोर्टं आहेत.

मग मार खाल्लेल्या शेजाऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. त्याच्या न्यायाला धक्का लावून काही करू नये. पण जवान सहा महिने आत बसून तसाच परत आला, तर शेजारी तोच आणि भिंतही तीच.

आपल्याकडे नवं कोर्ट येईल तेव्हा येईल. 1958 चा परिविक्षा कायदा आजही आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, दोषी ठरल्यावरही, कलम 4 खाली कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तीन वर्षांपर्यंत सोडू शकतं. परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतं. दारू न पिण्याची आणि इतरही अटी घालू शकतं. उपचाराची अट यात का बसू नये? 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनी, सैनिकांच्या कुटुंबांना कायदेशीर मदतीची योजना श्रीनगरहून सुरू झाली. सैनिक कल्याण कार्यालयातच वकील मिळणार. तिथे जमिनीच्या कागदांसोबत असली फौजदारी केसही घेऊन जायला हवं.

जिल्हा न्यायालयातल्या वकील मित्रांना विचारतो : माजी सैनिकाची नोकरी आणि आजारपण मांडून कलम 4 चा आदेश तुमच्यापैकी कुणी मिळवलाय का? मिळवला असेल तर सांगा. यावेळी बातमी चार ओळींची नसेल.