घड्याळ, चिखल आणि काळ्या ट्रंकेतली वही

फोर्ट विल्यमला (आता विजय दुर्ग म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) पोस्टिंग असलं की कोलकात्याचं मैदान म्हणजे आपलं परसदार. मैदान लष्कराच्या ताब्यात, आणि त्याच्या दक्षिण अंगाला रेसकोर्स. रॉयल कलकत्ता टर्फ क्लब 1847 सालचा. सकाळी पळायला गेलो की धुक्यात घोड्यांच्या टापा आधी ऐकू येतात, घोडा मागाहून दिसतो. परवा एक म्हातारे गृहस्थ रेलिंगला टेकून हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ घेताना दिसले आणि मला माझी एक जुनी वही आठवली. तिच्याकडे येतोच. आधी इतिहास, कारण या इतिहासाची सुरुवात एका फौजी माणसापासून होते.

हेन्री रूस हा ब्रिटिश नौदलाचा अधिकारी. 1835 साली त्याचं जहाज लॅब्राडॉरच्या खडकांवर आपटलं. सुकाणू गमावलेलं ते जहाज त्याने अटलांटिक पार करून इंग्लंडला आणलं. हाच ॲडमिरल रूस 1855 पासून इंग्लंडच्या शर्यतींमध्ये घोड्यांवर किती वजन लादायचं ते ठरवू लागला. वय आणि महिना पाहून वजन ठरवण्याचं त्याचं कोष्टक सुधारत सुधारत आजही वापरात आहे. पण रूसचा हिशेब नजरेवर आणि निकालावर उभा होता. घड्याळावर नाही.

घड्याळावर भरवसा का नव्हता, हे आपल्याला सांगायला नको. पावसाळ्यात चिखलातून बीपीईटी घेतली की सगळी कंपनी मिनिटभर उशिरा येते. म्हणून काय सगळे जवान एका रात्रीत ढिले पडले? जमीन ढिली पडली. कोण किती चांगला पळाला हे कळायला आधी जमिनीचं मिनिट वजा करावं लागतं.

हे वजा करणं ज्यांनी शास्त्रासारखं केलं त्यातला एक यॉर्कशरचा फिल बुल. गणिताचा पदवीधर, पेशाने शाळामास्तर. टोपणनावाने तो आपले वेळेचे आकडे टपालाने विकायचा. 1948 च्या सुमारास त्याचं ‘टाइमफॉर्म’ उभं राहिलं. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. जलद वेळ हा पुरावा असतो, मंद वेळ हा पुरावा नसतो. सामान्य घोडा असामान्य वेळ देऊ शकत नाही, पण उत्तम घोडा रमतगमत पळालेल्या शर्यतीत भिकार वेळ देऊ शकतो.

दुसरा अमेरिकेचा अँड्र्यू बायर. हा हार्वर्डचा साहित्याचा विद्यार्थी. 1966 साली चॉसरचा पेपर बुडवून बेलमाँटची शर्यत बघायला गेला, पैज जिंकला आणि पदवीवर पाणी सोडलं. 1975 च्या ‘पिकिंग विनर्स’ या पुस्तकात त्याने पद्धत उघड केली. त्या दर्जाच्या घोड्यांना ते अंतर कापायला सरासरी किती वेळ लागतो हे आधी ठरवायचं. मग त्या दिवसाच्या सगळ्या शर्यती मिळून किती जलद किंवा मंद झाल्या ते बघायचं, आणि तो फरक प्रत्येक घोड्याच्या वेळेतून काढून टाकायचा. सेकंदाचा पाचवा भाग सहा फर्लांगांत जितका मोलाचा, तितका मैलभराच्या शर्यतीत नाही. म्हणून अंतरागणिक गुण वेगळे. शेवटी हाती एक आकडा उरतो आणि त्यावरून कुठल्याही दोन घोड्यांची तुलना करता येते.

ही वही मी बंगळूरला कॅप्टन असताना केली. चार महिने, फुलस्केप, रेघा मारून. सोबत माझा एक कोर्समेट. आकडे मी काढायचो, खिडकीवर तो जायचा. आकडे वाईट नव्हते. पण एक प्रकरण मी वाचलंच नव्हतं.

बेल लॅब्जमधल्या जॉन केली याने 1956 साली ते लिहून ठेवलं होतं: किती लावायचं. समजा तुमच्या हिशेबाने घोडा चारात एकदा जिंकेल आणि भाव चारास एक आहे. तर जवळच्या दहा हजारांतले 625 लावायचे. भाव तीनास एक झाला तर? शून्य. घोडा तोच, आकडा तोच, तरी शून्य. शिवाय हा हिशेब तुमचा अंदाज अचूक आहे असं धरून चालतो, म्हणून शहाणे लोक त्याच्या निम्मंच लावतात.

आम्हाला शून्य लावता येत नव्हतं. शनिवारी रेसकोर्सपर्यंत जाऊन हात खिशात ठेवून परत येणं म्हणजे पेट्रोलिंगला जाऊन काहीच न सापडणं. दहातल्या नऊ वेळा तसंच होतं आणि ते चांगलंच असतं, हे ड्युटीवर कळायचं, तिथे नाही. मी लहान रकमांत हरलो. तो हरलेलं भरून काढायला दुप्पट लावत गेला, माझी वही न उघडता. पर्सनल लोन काढल्याचं मला कळलं ते त्याची बुलेट विकायला निघाली तेव्हा. गिऱ्हाईक मीच शोधून दिलं. “तुझे आकडे बरोबर होते रे,” एवढंच तो म्हणाला, आणि ते मला आजही लागतं.

बायरचंही पुढे गंमतशीर झालं. 1992 पासून त्याचे आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्ये छापून येऊ लागले. जे गुपित होतं ते प्रत्येकाच्या हातात, त्यामुळे चांगल्या आकड्याच्या घोड्याचा भाव पडला. सगळ्यांना ठाऊक असलेली टेकडी काबीज करून सरप्राइज कसलं? आपल्याकडे 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीवरची पैज कौशल्याचा खेळ ठरवली, तर ऑक्टोबर 2023 पासून सप्टेंबर 2025 पर्यंत पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता. तेव्हा शंभराच्या पैजेला 128 मोजावे लागत, वर क्लबची कपात वेगळी. एवढी चढण चढून नफ्यात राहील असा आकडा माझ्या वहीत तरी नव्हता.

वही अजून काळ्या ट्रंकेत आहे, दर पोस्टिंगला सोबत येते. कोर्समेटने कर्ज फेडलं, संसार मार्गी लागला. रेसचा विषय आमच्यात निघत नाही. परवा त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, “दादा, या शनिवारी कुठला घोडा?” त्यांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. म्हणाले, गेल्या तीन आठवड्यांत एकही पैज लावलेली नाही, आणि या शनिवारीही लावतील असं वाटत नाही.